नाशिकात केल कुणी लावलाय का? (केळ नव्हे, केल!)

गच्चीवरची_शेती
१४ ऑगस्ट

नमस्कार मंडळी, शीर्षक नीट वाचा. सोसायटीच्या ग्रुपवर हेच विचारलं तर तिघांनी मला जी-नाईन केळी लावा म्हणून सांगितलं आणि एकाने घड किती किलोचा पडतो ते पण सांगितलं. केल म्हणजे ती कुरळ्या पानांची हिरवी भाजी, कॉलेज रोडला स्मूदीच्या नावाखाली ग्लासात घालून देतात ती.

तर झालं असं की मार्चअखेर ऑनलाइन बी मागवलं. आमची गच्ची इंदिरानगरला, तिसरा मजला, दिवसभर ऊन. कुंडीत सरळ बी टाकलं, सहाव्या दिवशी उगवलं पण, मी खूश. मग एप्रिल आला, पारा चाळीसला टेकला आणि सगळं बिघडलं. पानं तळहाताएवढी पण झाली नाहीत, जी झाली ती चामड्यासारखी आणि कडूजहर, आणि शेंड्यात राखाडी मावा असा भरलेला की पान उलटं केलं की अंगावर काटा यायचा. मे महिन्यात उपटून सगळं कंपोस्टमधे.

आता अर्धी पुडी बी शिल्लक आहे. खरं तर अर्ध्याहून कमी, कारण सासूबाईंनी मोहरी समजून थोडं फोडणीत घातलं. दिसायला डिट्टो मोहरी, त्यांचा काय दोष. वरण नेहमीसारखंच लागलं.

विचारायचं एवढंच, आपल्याकडे होतो का हा प्रकार? का उगाच नाद करतेय?

कुंडीकर_सातपूर
१४ ऑगस्ट

ताई आधी हे सांगा, बी ला गुलाबी किंवा निळा रंग होता का? तसा रंग म्हणजे बी ला बुरशीनाशक लावलेलं असतं, ते स्वयंपाकघरात ठेवायचंच नाही. नसेल रंग तर काही होत नाही, मोहरीच्याच भाऊबंदातलं आहे ते.

गच्चीवरची_शेती
१४ ऑगस्ट

नाही नाही, साधं तपकिरी काळं होतं. पण आता कपाटात वर ठेवलंय, बागेच्या सामानात. धन्यवाद, हे डोक्यातच आलं नव्हतं.

द्राक्षवाला_दिंडोरी
१४ ऑगस्ट

तुमचं काही चुकलं नाही, फक्त महिना चुकला. आणि त्या पुडीवर जे महिने छापलेले असतात ना ते बघूच नका. केल कोबीच्या घरातला, कोबी फ्लॉवर नवलकोल ब्रोकोली आणि केल ही सगळी एकाच जातीची पिकं आहेत, कुणाचा गड्डा खायचा कुणाचं फूल कुणाचं खोड आणि ह्याचं नुसतं पान एवढाच फरक. त्यामुळे ह्याला थंडी पाहिजे. थंडी पडली की पानात साखर वाढते आणि कडूपणा कमी होतो, उन्हाळ्यात बरोबर उलटं.

मी काय करतो सांगू का, आमच्या बागेत गोडी छाटणी (द्राक्षाची, फळासाठीची) चालू झाली की घरामागच्या वाफ्यासाठी केलचं बी ट्रेमधे टाकतो. म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. एवढं एकच लक्षात ठेवायचं, कॅलेंडर पण बघायला लागत नाही. द्राक्षाची काडी छाटली की केलचं बी. रोप चार-पाच आठवड्यांचं झालं, चार-पाच खरी पानं आली की दिवाळीच्या आसपास लावून टाकायचं. डिसेंबर जानेवारी फेब्रुवारी मजेत खायचं. मार्चमधे उन्हं तापली की त्याचा नाद सोडायचा, कितीही लाडाचं रोप असलं तरी.

थंडी जास्त पडली तर? केलला काही होत नाही. निफाडकडे पारा पाच सहावर येतो तेव्हा आम्ही बागेत शेकोट्या पेटवून रात्र रात्र जागतो, मणी तडकतील म्हणून जीव टांगणीला, आणि वाफ्यात हा बाबा सकाळी दव अंगावर घेऊन टवटवीत उभा असतो. राग येतो त्याचा अशा वेळी.

जुना_पंचवटीकर
१५ ऑगस्ट

मी जरा वाकडं बोलणार आहे, राग मानू नका. माठ, चाकवत, अंबाडी, करडई, शेपू, चुका, राजगिरा, हरभऱ्याचा पाला, एवढ्या पालेभाज्या गणेशवाडीत गोदेच्या काठी सकाळी जुड्या जुड्यांनी मिळतात. ते सोडून दोन-तीनशे रुपयांचं परदेशी बी मागवायचं आणि चाळीस डिग्रीत ते जगवत बसायचं, हे मला काही कळत नाही. आणि पाहिजेच असेल कोबीच्या घरचं पान तर नवलकोलाचा पाला खा! आमची आई गड्ड्याची भाजी वेगळी करायची आणि पाल्याची वेगळी. आता भाजीवाला पाला तोडून गायीपुढे टाकतो आणि आपण कुरळी पानं ऑनलाइन शोधतो.

मिसळप्रेमी
१५ ऑगस्ट

काका +१ 😄

रोजची_भाकरी
१५ ऑगस्ट

काकांचं अर्धं पटलं, अर्धं नाही. मेथी, शेपू, चाकवत एकदा उपटलं की संपलं, परत पेरा. केलची खालची पानं तोडत राहायची, शेंडा तेवढा सोडायचा, वरून नवीन येत राहतं. गच्चीवर जागा चार कुंड्यांची असते हो, तिथे हा हिशोब लागतो. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी पाच रोपं होती, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा चौघांपुरती भाजी निघायची. पालकासारखा त्यात ऑक्झलेटचा त्रास पण नाही, आमच्या ह्यांना मुतखड्यामुळे पालक कमी करायला सांगितलाय म्हणून तर मी ह्याच्या मागे लागले.

बाकी एक शंका, तो केल का ती केल? पालक तो, मेथी ती, मग हा कोण?

द्राक्षवाला_दिंडोरी
१५ ऑगस्ट

आमच्याकडे मजूर बाया 'ते कुरळं' म्हणतात. नपुंसकलिंगी. विषय संपला.

देवळालीकर
१७ ऑगस्ट

परदेशी परदेशी म्हणताय पण काश्मिरात हे घराघरात आहे. तिथे हाख म्हणतात, पान कुरळं नसतं, सपाट असतं, पण हेच कूळ. नोकरीत असताना श्रीनगरला होतो, तिथल्या शेजाऱ्यांकडे दुपारी हाख आणि भात ठरलेला. पंडित घरातली पद्धत म्हणजे मोहरीचं तेल चांगलं तापवायचं, हिंग, अख्ख्या लाल मिरच्या, पाणी, उकळी फुटली की पानं हातानेच मोडून टाकायची, मीठ, आणि झाकण न ठेवता शिजवायचं म्हणजे रंग हिरवा राहतो. कांदा नाही लसूण नाही. आम्ही देवळालीत आल्यावर सौ.ने त्यात लसूण घातलाच, तो भाग वेगळा.

काका, नवलकोल पण तिथे पाल्यासकटच शिजवतात. म्हणजे तुमची आई बरोबरच होती.

जुना_पंचवटीकर
१७ ऑगस्ट

आई बरोबरच असते.

गच्चीवरची_शेती
१८ ऑगस्ट

वा, धागा पळतोय की. ठरलं मग, ह्या वर्षी केल आणि नवलकोल शेजारी शेजारी लावते आणि दोन्हीचा पाला तोडून बघते. काका, हरले तर तुम्हाला मिसळ.

कुंडी आणि मातीचं कुणीतरी सांगा ना. मागच्या वेळी पाथर्डी फाट्याहून काळी माती आणली होती, पाणी घातलं की चिखल आणि दोन दिवसांनी दगड, कडेने भेगा पडून पाणी सरळ खाली.

कुंडीकर_सातपूर
१८ ऑगस्ट

नुसती काळी माती कुंडीत कधीच नाही. शेतात ती सोनं, कुंडीत वीट. एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वरून मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट आधी भिजवून दोन-तीनदा धुवून घ्या, क्षार असतात त्यात. रोपाला बारा इंची कुंडी, एकीत एकच रोप. मोह होतो दोन लावायचा, लावू नका. मोठ्या ग्रो बॅगेत लावणार असाल तर दोन रोपांत दीड फूट ठेवा.

आणि बी सरळ कुंडीत टाकू नका, ट्रेमधे रोप करा. ट्रे नसेल तर कागदी कप, बुडाला भोक पाडून. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, जास्त नाही. उगवलं की त्याच दिवशी उजेडात. खिडकीत आत ठेवलं की रोपं लांबट होतात आणि मान टाकतात, मग बी बोगस म्हणून दुकानदाराला शिव्या. पाणी पण बेताने, सारखं ओलं राहिलं की रोपाचं बूड कुजतं आणि रात्रीतून आडवं होतं. कोकोपीटमधे थोडं ट्रायकोडर्मा (मुळांची राखण करणारी उपयोगी बुरशी) मिसळलं तर हा त्रास बराच कमी.

सिडकोची_सुगरण
१९ ऑगस्ट

माहितीसाठी जागा पकडून ठेवते 🙋‍♀️

गच्चीवरची_शेती
६ ऑक्टोबर

आज बी टाकलं. द्राक्षवाले दादा, तुमची छाटणी झाली का? इथे पाऊस जायचं नावच घेत नव्हता म्हणून आठवडाभर थांबले. केल वीस कप, नवलकोल दहा कप.

द्राक्षवाला_दिंडोरी
७ ऑक्टोबर

आमची निम्मी झाली निम्मी चालू आहे, पाऊस आमच्या पण मुळावर. तुम्ही वेळेत आहात. ट्रे पावसात उघडा ठेवू नका, आणि ऑक्टोबरचं दुपारचं ऊन फसवं असतं, पहिले काही दिवस ग्रीन नेटखाली ठेवा. लावायच्या आधी आठवडाभर हळूहळू पूर्ण उन्हात आणा.

अजून एक, आत्ताच एका कुंडीत घरातली मोहरी पेरून टाका. डब्यातली, फोडणीची. (ह्या वेळी उलटं करा, मोहरी बी म्हणून वापरा 😀) कोबीला चौकोनी ठिपक्याचा पतंग येतो, त्याला मोहरी कोबीपेक्षा जास्त आवडते, अंडी तिकडे घालतो. कोबीच्या शेतात दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्यायची शिफारसच आहे. गच्चीत ओळी कुठल्या, एक कुंडी बस. पहिली मोहरी संपत आली की अजून एकदा पेरायची. फक्त त्या मोहरीवर लक्ष ठेवा आणि अळी दिसली की तिथेच मारा, नाहीतर तुम्हीच पाळणाघर चालवताय असं होईल.

गच्चीवरची_शेती
२९ नोव्हेंबर

अपडेट आणि रडगाणं दोन्ही. केलची चौदा रोपं जगली, आठ मी ठेवली, सहा वाटली. नवलकोल सहा. पंधरा दिवसांपासून मस्त चालू होतं, परवा पहिली सात-आठ पानं तोडली. आणि आज सकाळी बघते तर पानांना बारीक बारीक खिडक्या! म्हणजे भोक पण नाही, खालचा हिरवा भाग खाल्लाय आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच. अळी शोधायला गेले तर अर्धा सेंटिमीटरची हिरवी, हात लावला तर वळवळत मागे सरकली आणि धाग्याला लटकली. हीच का ती?

द्राक्षवाला_दिंडोरी
२९ नोव्हेंबर

तीच. धाग्याला लटकली म्हणजे तीच, दुसरं कुणी तसं करत नाही ह्या पिकावर. आठ रोपं आहेत तर औषधाच्या आधी हात. रोज सकाळी चहाचा कप घेऊन जा, पानं उलटी करा, अळी दिसली की चिरडा, अंड्यांचे पिवळट ठिपके बोटाने पुसा. पाच दिवस नेमाने केलंत तर निम्मं काम झालं. तरी वाढली तर बीटी मिळतं कृषी सेवा केंद्रात, जिवाणूचं औषध आहे, अळीच्या पोटात गेलं की ती खायची थांबते. पुडीवर लिहिलंय तेवढंच प्रमाण घ्यायचं आणि फवारणी संध्याकाळी, उन्हाने त्याचा जोर जातो. पानाच्या खालून फवारा, वरून फवारून फोटो काढणारे खूप आहेत.

आम्ही द्राक्षवाले औषधाच्या बाबतीत बदनाम, म्हणून मुद्दाम सांगतो, घरच्या भाजीवर आमच्या बागेतलं उरलेलं काही मागून आणून मारू नका. बरेच जण आणतात. द्राक्षाला मारल्यावर किती दिवस तोडायचं नाही ते ठरलेलं असतं, तुम्ही तर परवा मारून आज खाणार.

रोजची_भाकरी
३० नोव्हेंबर

अळीपेक्षा माव्याचं बघा ताई, डिसेंबरात ढगाळ झालं की येतोच. माझा अनुभव, पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या मागून दोन-तीन दिवस, त्यानेच बराच धुऊन जातो. मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि भांड्याच्या लिक्विड सोपचे काही थेंब, नाहीतर तेल पाण्यात मिसळत नाही. आणि युरिया बिरिया घालून पानं लुसलुशीत करायला जाऊ नका, मावा त्याच पानांवर आधी बसतो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर पाया पडा त्याच्या, तो आणि त्याची पोरं दिवसभर मावाच खातात. ती पोरं दिसायला भयंकर, काळी लांबट काटेरी, मी पहिल्या वर्षी कीड समजून सगळी मारली होती. अजून वाईट वाटतं.

सिडकोची_सुगरण
३० नोव्हेंबर

अय्या मी कालच मारल्या चार 😭

थंडीवेडी
२ डिसेंबर

मधेच विचारते, सासरे रक्त पातळ होण्याची गोळी घेतात (वॉरफेरिन). कुणीतरी सांगितलं केल चालत नाही, खरंय का? आणि मला थायरॉइड आहे.

रोजची_भाकरी
२ डिसेंबर

केलमधे के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि वॉरफेरिन नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करतं. म्हणून अचानक रोज वाटीभर सुरू करायचं नाही, आणि खात असाल तर अचानक बंद पण करायचं नाही, त्याने गोळीचं गणित बिघडतं. हे माझ्या आईच्या वेळी डॉक्टरांनीच समजावलं होतं. पालक, मेथीला पण तेच लागू. घरी पिकतंय म्हणून ताटात वाढायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, प्लीज. थायरॉइडचं म्हणाल तर कोबीवर्गीय भाज्या कच्च्या आणि रोज ढीगभर नको म्हणतात, शिजवून बेताने खाल्लं तर सहसा अडचण नसते, तरी तुमच्या डॉक्टरांशी बोलाच. कच्च्या स्मूदीचा नाद मात्र सोडा.

थंडीवेडी
२ डिसेंबर

सासऱ्यांना तसाही वास आवडला नव्हता, सुटले 🙏

गच्चीवरची_शेती
११ जानेवारी

लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

दोन आठवडे नाशिकला जी काही थंडी पडलीय, सकाळी गच्चीत जायला स्वेटर मफलर सगळं लागतं, पण केल काय झालाय! पानं हातभर, कडा अशा झालरीसारख्या, आणि चव पूर्ण बदलली. नोव्हेंबरची पानं थोडी उग्र होती, आत्ताची तोडून नुसती खाल्ली तर चक्क गोडसर. एप्रिलमधली ती आणि ही एकाच पुडीतली हे सांगूनही घरात कुणाला खरं वाटत नाही.

अळी: चहावाली पद्धत वापरली, बीटी एकदाच मारलं. मोहरीच्या कुंडीची पार चाळण झाली म्हणजे काम केलं तिने. मावा आला, दोन कुंड्यांत, पाण्याने गेला. कुरळ्या पानात मात्र तो असा दडतो की नुसतं नळाखाली धुऊन निघत नाही. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचं, मग तरंगतात सगळे वर. सासूबाई म्हणाल्या फ्लॉवरला आम्ही आयुष्यभर हेच केलं, तुला यूट्यूबवर बघावं लागलं.

आता खरा मुद्दा, पंचवटीकर काकांचा. रविवारी दोन भाज्या केल्या, एक केलची आणि एक नवलकोलाच्या पाल्याची. दोन्हीला तीच कृती, देठाची मधली जाड शीर काढली, बारीक चिरलं, भरपूर लसूण, हिरवी मिरची, वरून दाण्याचं कूट, बाजूला बाजरीची भाकरी. कुठली कुठली ते कुणाला सांगितलं नाही. नवरा, दोन मुलं, सासूबाई, चौघांपैकी तिघांनी नवलकोल केल म्हणून खाल्ला आणि छान आहे म्हणाले. एकट्या सासूबाईंनी घास घेतल्या घेतल्या ओळखलं, म्हणे हा नवलकोल, ह्याला मुळ्यासारखा वास आहे.

तर काका, शिजवल्यावर तुम्ही जिंकलात. पण पानं मोजली मी. नवलकोलाची पानं तोडत राहिले तर गड्डा लिंबाएवढाच राहिला, पानावरच तो पोसतो ना शेवटी. केलला तोडलं तर वर येतच राहतं. म्हणजे गड्डा पाहिजे तर पाला जपून, पाला पाहिजे तर केल. आणि पीठ पेरून भाजीत केलच जास्त चांगला लागतो, झालरीत बेसन अडकतं आणि कडा कुरकुरीत होतात. थालीपिठात पण. सॅलड मुलीने केलं, मीठ लिंबू लावून पान हाताने चांगलं चुरायचं म्हणजे मऊ पडतं. काकडीच्या कोशिंबिरीचं आपण करतो तेच.

मिसळ देते तरी. निम्मी.

जुना_पंचवटीकर
११ जानेवारी

निम्मी मिसळ म्हणजे रस्सा का फरसाण ते आधी ठरवा. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, घरात एवढी एक जीभ शाबूत आहे. आणि ते बेसन अडकण्याचं लिहिलंत ते वाचून जरा मन डळमळलं हे कबूल करतो.

देवळालीकर
१२ जानेवारी

जाड शिरा टाकू नका ताई, बारीक चिरून आमटीत.

सिडकोची_सुगरण
१२ जानेवारी

मी पण लावते आता, जानेवारीत चालेल ना?

कुंडीकर_सातपूर
१२ जानेवारी

आता बी टाकाल तर रोप लावायला फेब्रुवारीचा मध्य, आणि पान तोडायला येईपर्यंत मार्च. म्हणजे ताईंचा एप्रिल परत. एकच करता येईल, पसरट ट्रेमधे दाट पेरा आणि पंचवीस-तीस दिवसांची कोवळी पानं कात्रीने कापून खा. मोठं झाड ऑक्टोबरात.

गच्चीवरची_शेती
९ मार्च

ऊन लागायला लागलंय. खालची पानं पिवळी, नवीन येतात ती बारीक आणि जून. आठातली सहा काढली, दोन टाकीच्या सावलीत सरकवलीत. फुलं काही आली नाहीत. बी धरायचं होतं मला.

द्राक्षवाला_दिंडोरी
९ मार्च

फूल यायला त्याला बरेच आठवडे सलग कडक थंडी लागते, आपल्याकडे तेवढी बहुतेक मिळत नाही. आणि आलं असतं तरी आजूबाजूच्या फुलावर आलेल्या कोबी, नवलकोलाशी मधमाश्यांनी लग्न लावलं असतं, काय निघालं असतं देव जाणे. पुडीतलं उरलेलं बी हवाबंद बाटलीत कोरडं ठेवा, दोन-तीन वर्षं सहज उगवतं. ती दोन रोपं पण काढा आता, माव्याला उन्हाळ्याची सोय नका करून देऊ.

आमची काढणी चालू आहे, इकडे आलात तर द्राक्षं घेऊन जा.

जुना_पंचवटीकर
१० मार्च

काढू नका! म्हणजे काढा, पण फेकू नका. रविवारी सकाळी मी इंदिरानगरला नातवाकडे येतोय, राहिलेली पानं माझ्यासाठी ठेवा, आमच्या हिला बेसन लावून करून बघायचंय म्हणते. आणि दहा-बारा दाणे बी पण द्या पुडीत घालून. नीट नाव लिहा वर, आमच्याकडे मोहरीचा डबा मोठा आहे.